मिन्काचा डावा कान

फेब्रुवारीतला बर्फ मधमाश्यांच्या पेटीघरापुढे गुडघाभर साचला होता आणि मिन्का त्यात गुडघे रोवून बसली होती. डाव्या कानात रबराची नळी, नळीचं दुसरं टोक खालच्या रांगेतल्या पेटीच्या दारात. उजव्या हाताच्या बोटानं तिनं पेटीवर टिचकी मारली आणि डोळे मिटले.

मागं सासरे उभे होते, गाश्पर. पायात लोकरीचे बूट, खिशात हात, मिशीवर थिजलेला श्वास. त्यांच्याही मागं तिचा थोरला दीर फ्लोरियान, कुंपणाला टेकून सिगारेट ओढत.

"बोलतायत?" गाश्परनी विचारलं.

"बोलतायत."

"कशा? कोरड्या पानांसारख्या की सरळ?"

"सरळ. भरदार आवाज आहे, बाबा."

गाश्परनी मान हलवली. कोरड्या पानांसारखी सळसळ आली म्हणजे माश्या भुकेल्या, मग साखरेचा गोळा आत सरकवायचा. सरळ घूं आला म्हणजे पोट भरलेलं, राणी जागेवर. हिवाळ्यात पेटी उघडायची नाही हा त्यांचा नियम. उघडली की आतली ऊब गेली, आणि ऊब गेली की सगळंच गेलं. म्हणून ऐकायचं. गाश्परचे स्वतःचे कान सत्तरीनंतर जड झाले. तेव्हा त्यांनी पेटीघराची किल्ली मुलांपैकी कुणालाही न देता सुनेच्या हातात ठेवली होती. धाकटा लुडविक, म्हणजे मिन्काचा नवरा, लाकडाच्या गिरणीत करवतीपुढे उभं राहून राहून अर्धा बहिरा झालेला. त्याचा प्रश्नच नव्हता. फ्लोरियानचे कान मात्र शाबूत होते. ते शाबूत असताना किल्ली बाईच्या हातात जावी, हे त्याला चार वर्षं झाली तरी गिळता आलं नव्हतं.

"ती म्हणेल ते खरं," फ्लोरियान राखेचा झटका मारत म्हणाला. "आपण काय, नुसतं थंडी खायला."

"तुला कुणी बोलावलं होतं?" मिन्का उठली. गुडघ्यांवरचा बर्फ झटकताना तिला जरा गरगरलं. खाली बसून उठलं की अलीकडे असं व्हायचं. चाळिशी, तिनं मनाशी म्हटलं.

महिनाभरानं ऊन पडलं. वरच्या रांगेतल्या माश्या बाहेर आल्या आणि हिवाळाभर पोटात धरलेलं सगळं पांढऱ्या बर्फावर पिवळ्या ठिपक्यांनी सोडत आनंदानं घिरट्या घालायला लागल्या. दोरीवरच्या धुतल्या चादरी पिवळ्या झाल्या, त्यावर मिन्का हसलीसुद्धा. मग तिचं हसू आटलं. खालच्या रांगेतून कुणीही बाहेर आलं नव्हतं. एकही नाही.

गाश्परनी आत जाऊन खालच्या पेट्यांच्या मागच्या झडपा उघडल्या. माश्या चौकटींवर होत्या, जागच्या जागी. डोकी रिकाम्या घरांत खुपसलेली, शेपट्या बाहेर. मधाचा शेवटचा थेंब चाटता चाटता तशाच राहिलेल्या. बोटानं ढकलल्यावर पेंढ्यासारख्या खाली गळल्या.

"मेल्या सगळ्या," फ्लोरियान म्हणाला.

"वारल्या म्हण," गाश्पर खेकसले. गावात गाय मरते, कुत्रा मरतो, पण मधमाशी माणसासारखी वारते. तेवढा मान तिला आहे.

"बरं, वारल्या. भुकेनं वारल्या. आणि आमच्या बाईसाहेबांना भरदार आवाज येत होता!" तो मिन्काकडे वळला. "कुठून येत होता गं? चर्चमधून?"

मिन्कानं आवाज ऐकला होता. शपथेवर ऐकला होता. खोटं बोलली असती तर तिला निदान कळलं तरी असतं की आपण खोटं बोलतोय.

*

पुढचे दिवस साफसफाईत गेले. मेलेल्या माश्या हंसाच्या पिसानं गोळा करायच्या, बादलीत भरायच्या, मागच्या खड्ड्यात पुरायच्या. चौकटी खरवडायच्या. रोग राहू नये म्हणून रिकाम्या पेटीतून आगीची जीभ फिरवायची, लाकूड नुसतं तांबूस होईल इतकीच. मिन्काच्या कपड्यांना करपलेल्या मेणाचा वास बसला. दुपारी स्वयंपाकघरात आंबवलेल्या कोबीचं सूप ताटलीत वाढताना तिचे हात काळे असायचे, आणि फ्लोरियानची बायको ते बघून चमचा रुमालानं पुसून घ्यायची. बोलायची काही नाही. पुसून घ्यायची फक्त.

वरच्या रांगेतली एकही वारली नाही. खालच्या रांगेतली एकही वाचली नाही. हे मिन्काच्या डोक्यातून जाईना. ओल खालून येते, गारठा खाली जास्त, हे खरं, पण आवाज? वरच्या पेट्यांचा आवाज तिनं उभ्यानं ऐकला होता, खालच्यांचा वाकून.

ती पेटीघराबाहेर आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं एका साफ केलेल्या, भाजलेल्या, पार रिकाम्या पेटीच्या दारात नळी घातली, दुसरं टोक कानात घातलं आणि उभ्या उभ्या ऐकलं. काही नाही. मग ती गुडघ्यांवर बसली, डोकं खाली नेलं.

घूं. घूं. घूं.

भरदार. सरळ. पोट भरलेलं, राणी जागेवर.

मिन्कानं नळी काढली. आवाज तसाच. मनगटावर बोटं ठेवली, तर नाडी आणि घूं हातात हात घालून चाललेले. ती तशीच चिखलात बसून राहिली आणि पहिल्यांदा तिला थंडी वाजली.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं लुडविकला गाठलं. तो अंगणात बूट काढत होता, केसांत लाकडाचा भुसा.

"लुडविक, माझ्या कानात माश्या आहेत."

"काय?"

"कानात! आवाज! माझाच आवाज मी पेटीचा म्हणून ऐकला!"

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," लुडविक म्हणाला. मग बूट हातात धरूनच त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "कधीपासून?"

"कुणाला माहीत? दोन वर्षं? हळूहळू आलं असेल. मला वाटायचं, मी तयार होत चाललेय. कान पक्का होत चाललाय."

लुडविकला हसू आलं, मग आवरलं. "म्हणजे मी गिरणीत बहिरा आणि तू घरी. छान जोडी. बाबांना सांगितलंस?"

"तूच सांग."

"मी? मला तर ऐकूच येत नाही," असं म्हणून लुडविक आत पळाला.

*

गाश्परना सांगितलं तिनंच. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि औषध सुरू केलं. माश्या फटी बुजवायला जो डिंक वापरतात तो आलुबुखाराच्या दारूत भिजवून ठेवलेला त्यांच्याकडे होता; त्याचे थेंब तीन रात्री कानात. आग आग झाली, घूं जागच्या जागी. मग त्यांनी चिमट्यात एक जिवंत माशी धरली, मिन्काला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, तिचे केस वर धरायला सांगितले आणि कानामागच्या हाडावर माशी टेकवली.

"हलू नकोस. माझ्या आईचा बहिरेपणा यानंच गेला."

"बाबा, त्या तर शेवटपर्यंत बहिऱ्या होत्या, लुडविक सांगतो."

"आणखी बहिरी झाली असती."

कान कोबीच्या गड्ड्यासारखा सुजला. रविवारी चर्चमध्ये मिन्का डोक्याला रुमाल बांधून बसली आणि प्रवचनातला अर्धा भाग तिला घूं घूं ऐकू आला. बाहेर पडताना फ्लोरियाननं पायरीवरच विषय काढला, शेजारीपाजारी ऐकतील असा.

"बाबा, उरलेल्या पेट्याही घालवायच्यात का? किल्ली द्या."

गाश्परनी टोपी घातली, काढली, परत घातली. "आंब्रोजच्या दिवशी ठरवू." संत आंब्रोज म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्यांचा संत, डिसेंबरात येतो. "त्या दिवशी दोघांनी ऐकायचं. ज्याचा कान खरा, त्याची किल्ली. तोपर्यंत हिच्याकडे."

"आणि तोपर्यंत ही माझा आवाज पण पेटीचा समजली तर?"

"तुझा आवाज रिकाम्या पेटीचाच आहे," मिन्का म्हणाली. दोन बायका फिसकन हसल्या. पण घरी येईपर्यंत तिनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली होती. ती किल्ली गेली तर या घरात तिच्याकडे ताटल्या आणि चादरी उरणार होत्या. तेवढंच करायला ती इथे आली नव्हती.

*

खालच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी कानात पाणी मारून मळ काढला. पंधरवड्यानं परत बोलावून बॅटरीनं पाहिलं. "पडद्यामागं लाल दिसतंय. पू साचला असणार. बारीकसं टोचू, वाहून जाईल. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"मला माशी चावून झालीय," मिन्का म्हणाली.

नर्सनं ट्रे आणला. डॉक्टरांनी सुई हातात घेतली, मिन्काचं डोकं उजवीकडे कलवलं, कानाची पाळी मागं ओढली आणि नेम धरण्यासाठी आणखी एकदा आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मिन्काला त्यांच्या श्वासातला कॉफीचा वास येत होता. मग सुई ट्रेमध्ये परत ठेवल्याचा टक्क आवाज झाला.

"हे हलतंय," ते म्हणाले.

"काय हलतंय?"

"ते लाल. ठोके देतंय. बाई, मी याला हात लावणार नाही. तुम्हीही लावू नका. काडी नाही, थेंब नाही, काहीही नाही." त्यांनी लगेच ल्युब्ल्यानाच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला, आणि बोलताना त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, घट्ट.

शहरात तिच्याबरोबर गाश्पर आले. लुडविकला रजा नव्हती, आणि गाश्परना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं, जेवढं ऐकू येईल तेवढं. चर्चला जातानाचा कोट घालून ते इस्पितळाच्या बाकावर बसले आणि पिशवीतली अक्रोडाची पोळी रांगेतल्या सगळ्यांना वाटली.

डॉक्टर कोबाल या पन्नाशीच्या, ठेंगण्या, घाईनं चालणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मिन्काला आडवं केलं आणि कानावर दुर्बिणीसारखं यंत्र आणलं. मग रबरी फुग्यानं कानात हलकेच हवा दाबली.

"हं. दाबलं की फिकं पडतं. सोडलं की पुन्हा लाल. छान."

"छान काय त्यात?" गाश्परनी विचारलं.

"आजोबा, ओळख पटली. ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे. पडद्यामागच्या पोकळीत बसलीय, करवंदाएवढीही नाही. क्वचितच कुणाला होते. कर्करोग नाही. पण अंगभर रक्त प्यायलेली आहे, म्हणून ठोके, वाकलं की जास्तच. त्या दिवशी सुई टोचली असती तर कानातून रक्ताची धार लागली असती."

मिन्का छताकडे बघत पडली होती. "मग माझा आवाज खरा होता."

"आवाज खरा. माशी नव्हती." डॉक्टरांनी कपाटातून एक रबरी नळी काढली, एक टोक मिन्काच्या कानात ठेवलं आणि दुसरं स्वतःच्या. "काहींचा बाहेरच्यालाही ऐकू येतो... आहे. जोरात आहे."

गाश्पर उठलेच. "द्या."

"आजोबा, तुम्हाला..."

"पन्नास वर्षं हेच केलंय. द्या इकडे."

त्यांनी टोक आपल्या बऱ्या कानात खोल सारलं, डोळे मिटले, आणि सवयीनं मिन्काच्या डोक्यावर बोटानं टिचकी मारली.

"आई गं! बाबा!"

"गप्प." ते ऐकत राहिले. मिशी हलली. नळी काढून डॉक्टरांच्या हातात देताना त्यांनी कोटाचं बटण उगाच चाचपलं. "मी पण फसलो असतो," ते म्हणाले. एवढंच. पण जिना उतरताना त्यांनी मिन्काची पिशवी आपल्याकडे घेतली, आणि गाश्परनी कुणाची पिशवी घेतल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

मग स्कॅन झाला, आणि पहिल्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची लघवी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून झाली. अशा काही गाठी रक्तात भलतंसलतं सोडतात, ते बघायला. ही त्यातली नव्हती. हाडही पोखरलं गेलं नव्हतं. डॉक्टर कोबालनी चित्र भिंतीवरच्या उजेडात धरलं.

"काढली नाही तर?" मिन्कानं विचारलं.

"हळूहळू वाढेल. वर्षानुवर्षं. मग हाडात शिरेल, चेहऱ्याची नस इथूनच जाते, तिला गाठेल. तोंड वाकडं होईल. आत्ता काढणं सोपं."

"काढल्यावर ऐकू येईल?"

डॉक्टरांनी लगेच उत्तर दिलं नाही, ते मिन्काला आवडलं. "आवाज जाईल, बहुतेक. ऐकू येणं... तिथं तीन इवलाली हाडं आहेत. गाठ त्यांना नुसती टेकलीय की बिलगलीय, ते उघडल्यावर कळेल. बिलगली असेल तर एखादं हाड जाईल. तारीख जूनमधली आहे."

"जूनमध्ये? लिंडनची झाडं फुलतात तेव्हा?"

"मग पुढची थेट पुढच्या वर्षी."

जून म्हणजे थवे उठायचे दिवस. घरात बसून चालत नाही. अर्ध्या माश्या राणीला घेऊन पेटी सोडतात, झाडाला लटकतात, त्यांना टोपलीत धरून आणायचं, नाहीतर गेल्या शेजारच्या डोंगरावर. तरी मिन्कानं तारीख घेतली. जूनच्या सकाळी निघताना तिनं किल्ली गळ्यातून काढली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर, फ्लोरियानच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली.

"उसनी," ती म्हणाली.

"बघू," फ्लोरियान म्हणाला आणि किल्लीवर हात ठेवला.

*

भूल उतरली तेव्हा मिन्काच्या डोक्याभोवती पागोट्यासारखं बँडेज होतं. तिनं आधी ओठ हलवून पाहिले, मग दोन्ही डोळे मिटून पाहिले. चेहरा सरळ होता.

"पूर्ण निघाली," डॉक्टर कोबाल वाकून, मोठ्यानं म्हणाल्या. "एका हाडाला बिलगली होती. सोडवली. हाड आहे. पण काय ऐकू येईल ते मला विचारू नका, आत बोळा आहे. सहा आठवडे वाकायचं नाही. ओझं उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही."

वाकायचं नाही! मधाच्या दिवसांत! मिन्का अंगणातल्या बाकावर पाठ ताठ करून बसायची, नवरी बसवल्यासारखी, आणि फ्लोरियान तिच्या डोळ्यांदेखत तिच्या पेट्या हाताळायचा. वाईट करायचा असं नाही. फक्त घाई करायचा.

"धूर जास्त होतोय!"

"डॉक्टरनं बोलायला बंदी नाही का घातली?"

"चौकट उलटी घालतोयस!"

"बसून राहा, राणीसाहेब."

बोळा निघाला त्या दिवशी डॉक्टरांनी नादकाटा वाजवून तिच्या कानाजवळ धरला. आवाज आला, दूरचा, भिंतीपलीकडच्यासारखा. "थोडा कमी झालाय," डॉक्टर म्हणाल्या, "आणखी काही महिन्यांत सुधारेल, किंवा इतकाच राहील." आणि घूं? मिन्कानं खाली वाकून बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. डॉक्टर बघत राहिल्या.

"काही येतं?"

"नाही," मिन्का म्हणाली. पण तिचा स्वतःवर विश्वास नव्हता. दोन वर्षं जे ऐकू येत होतं ते नव्हतंच, तर आता जे ऐकू येत नाही ते खरंच नाही, याची खात्री कोण देणार?

*

आंब्रोजच्या दिवशी सकाळी चर्चमध्ये मेणबत्त्या लावून झाल्या आणि सगळे पेटीघरापुढे आले. बर्फ पातळ होता, कुरकुरीत. उन्हाळ्यात धरलेल्या थव्यांनी खालची रांग पुन्हा भरली होती. लुडविकनं दारूची बाटली आणली होती आणि ती कुणीतरी मागेल याची वाट बघत तो उभा होता.

फ्लोरियान आधी. त्यानं नळी घेतली आणि एकेका पेटीवर टकटक करत, ऐकत, भराभर पुढं सरकला. खालची रांगसुद्धा गुडघे न टेकता, कंबरेत वाकून.

"सगळ्या जिवंत," तो म्हणाला. "शेवटची जरा हळू, पण आहे."

मग मिन्का. तिनं रुमाल सोडला. कानामागचा वण गुलाबी होता. वरची रांग उभ्यानं झाली. खालच्या रांगेपाशी ती बर्फात गुडघ्यांवर बसली, डोकं खाली नेलं. तिनं नळी लावलीच नाही आधी. नुसतं डोकं खाली ठेवून वाट पाहिली. लुडविकचे बूट कुरकुरले. दूर कुत्रा भुंकला. मग तिनं नळी लावून टिचकी मारली, आणि पेटीनं उत्तर दिलं: बारीक, लांबून, पण सरळ. आणि हळूहळू विरलं. विरलं! तिच्या कानातला आवाज कधी विरत नसे.

शेवटच्या पेटीला तिनं टिचकी मारली. घूं आला. तिनं बोट उचललं आणि थांबली. शेजारची पेटी आत्ताच जागी झालेली. मधली फळी तिचा आवाज इकडे आणते. शेजारीण झोपेपर्यंत मिन्का थांबली. पुन्हा टिचकी, अगदी हलकी, शेजारणीला कळणार नाही अशी.

काही नाही.

पुन्हा एकदा. काही नाही. ना घूं, ना सळसळ, ना ठोका. ती तशीच वाकून राहिली, गरजेपेक्षा खूप जास्त वेळ, गुडघे भिजून गार पडेपर्यंत.

"झोपली की काय?" फ्लोरियान म्हणाला.

"ही गेली," मिन्का म्हणाली.

"काय? मी आत्ता ऐकली! आता जिवंत माश्यांना मारणार तू?"

"तू शेजारची ऐकलीस. बाबा, उघडा."

गाश्पर हलले नाहीत. आज आंब्रोज, बाहेर गोठणारी हवा, आणि आत जर माश्यांचा झुबका जिवंत असेल तर झडप उघडणं म्हणजे त्यांच्याच हातानं त्याला मारणं. पन्नास वर्षांत त्यांनी डिसेंबरात झडप उघडली नव्हती. त्यांनी मिन्काकडे पाहिलं.

"नक्की?"

"हो," मिन्का म्हणाली.

ते आत गेले. सगळे मागोमाग. झडपेची कडी गंजलेली, गाश्परनी ती तळहातानं ठोकून काढली. आत चौकटी मधानं भरलेल्या होत्या, जड, झाकण लावलेल्या. माश्या मात्र मूठभर, तळाशी, कोरड्या. राणी नव्हती, शरदातच कधीतरी हरवली असणार, आणि बाकीच्या एकेक करून संपल्या असणार.

लुडविकनं बाटली कोपऱ्यात ठेवली. फ्लोरियाननं तळाशी बोट फिरवलं, वास घेतला, बोट पँटला पुसलं.

"थवा धरताना राणीला इजा झाली असेल," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "मी घाईत होतो." त्यानं गळ्यातून किल्ली काढली, दोरा टोपीत अडकला, झटका देऊन सोडवला आणि किल्ली झडपेच्या काठावर ठेवली.

गाश्परनी झडप लावून घेतली. "वरच्या रांगेतली शेवटची तू घाईत ऐकलीस," ते मिन्काला म्हणाले.

"नाही, बाबा."

"ऐकलीस. मी बघत होतो. परत ऐक."

मिन्कानं किल्ली उचलून कोटाच्या खिशात टाकली, नळी घेतली आणि पुन्हा बाहेर बर्फात गेली.